वेल्समधील शेत खरोखर 'आमचे' होते का? घराण्याच्या कागदांतून मालकीचा माग कसा काढावा

एका भगिनींनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्या मूळच्या नाशिकच्या, लग्नानंतर कार्डिफला स्थायिक झालेल्या. त्यांच्या सासूबाईंचे माहेर पश्चिम वेल्समधील केरेडिगिऑनचे, म्हणजे जुन्या कार्डिगनशर काउंटीतले. तिथले एक शेत दोनशे वर्षे आपल्या घराण्याचे होते आणि १९२० नंतर सासूबाईंच्या आजोबांच्या थोरल्या भावाने ते परस्पर घालवले, अशी घरातली समजूत आहे. पत्र्याच्या एका डब्यात जपलेले कागद हाताशी आहेत: १८२४ पासूनचे जन्म-मृत्यू ज्याच्या कोऱ्या पानांवर टिपले आहेत असे वेल्श भाषेतले बायबल, १८६७ च्या मृत्युपत्राची नक्कल, पैसे मिळाल्याच्या तीन पावत्या आणि थडग्यांची काही छायाचित्रे. "तिथला सातबारा कुठे मिळतो, जुने फेरफार कसे काढायचे, आणि आज कोणाचा काही हक्क उरतो का?" असे त्यांनी विचारले आहे आणि एका पावतीचे व मृत्युपत्राच्या पहिल्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

वेल्समधील शेतांचे आणि घराण्यांचे जुने कागद लावण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आलो आहे. माझ्या मते आपल्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. शेतावर राहत कोण होते, शेत मालकीचे कोणाचे होते, आणि आज कायद्याने काही मागता येते का, हे ते तीन प्रश्न होत. घराण्याचे कागद पहिल्याचे उत्तर भरभरून देतात, दुसऱ्याचे क्वचित देतात आणि तिसऱ्याचे बहुधा देतच नाहीत. बहुतेक कुटुंबांची निराशा होते ती पहिल्याचे पुरावे दुसऱ्यासाठी वापरल्यामुळे.

सातबाऱ्याचे आधी सांगतो. प्रत्येक गट नंबराचा कब्जेदार, पीक आणि बोजा एका ठिकाणी लिहून ठेवणारे, आणि प्रत्येक बदलाची नोंद फेरफाराने करणारे गावपातळीवरचे दप्तर वेल्समध्ये कधीच नव्हते. जमिनीचा व्यवहार हा दोन पक्ष आणि त्यांचे सॉलिसिटर यांच्यातला खासगी मामला मानला जाई, आणि मालकीचा पुरावा म्हणजे मालकाच्या पेटीत असलेली दस्तांची जुडी. इंग्लंडमध्ये मिडलसेक्स आणि यॉर्कशर येथे निदान दस्त नोंदवण्याची जुनी कार्यालये होती. वेल्समध्ये तीही नव्हती. उलट आज तिथे जे लँड रजिस्ट्रीचे, म्हणजे सरकारी जमीन-नोंदणी खात्याचे, रजिस्टर आहे, ते सातबाऱ्यापेक्षा बळकट आहे. सातबारा ही मुळात महसुली नोंद आहे आणि तिच्यावरून मालकी अंतिमतः सिद्ध होत नाही. लँड रजिस्ट्रीतील नोंदीची हमी मात्र सरकार घेते. फक्त ती नोंद आजच्या मालकापासून थोडीच मागे जाते. त्यापूर्वीचे सगळे आपल्याला निरनिराळ्या दप्तरांतून जुळवावे लागते.

आता ज्या एका गोष्टीवर सर्व काही अवलंबून आहे, तिच्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकातला वेल्श शेतकरी हा बहुतेक वेळा कूळ होता. जमीन मोठ्या इस्टेटींची, म्हणजे जमीनदार घराण्यांची, होती. आपल्या काउंटीत नान्तेओस, गोगेर्दन, त्राउस्गोइद ही त्यांतली मोठी नावे. उत्तरेकडे विनस्टे आणि पेन्रिन. एकच घराणे पाच-पाच पिढ्या एकाच शेतावर राहिले, त्यांचे लग्न, बारसे, अंत्यविधी त्याच घरातून झाले, शेजारीपाजारी त्यांना शेताच्याच नावाने ओळखू लागले, आणि तरीही जमिनीचा एक तुकडासुद्धा त्यांच्या नावावर नव्हता, असे मी शेकडो वेळा पाहिले आहे. त्यांच्या दृष्टीने शेत 'आमचे' होते, आणि तसे म्हणण्यात खोटेपणा काहीच नव्हता. शिवाय ही वहिवाट बहुतेक ठिकाणी वर्षावर्षाच्या करारावर चाले. १८६८ च्या निवडणुकीनंतर जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध मत दिले म्हणून कार्डिगनशर आणि कार्मार्थनशरमधील कुळांना शेते सोडावी लागली होती. गुप्त मतदान १८७२ साली आले, त्यामागे ही प्रकरणेही होती. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आणि मालकी या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर असू शकतात, हे ध्यानात ठेवूनच डब्यातले कागद वाचावेत.

आपण पाठवलेली पावती मी भिंग लावून पाहिली. मजकूर तपकिरी शाईत आहे. मार्चमधील 'लेडी डे'पर्यंतच्या, म्हणजे भाडे चुकते करण्याच्या ठरलेल्या दिवसापर्यंतच्या, सहामाही भाड्यापोटी रक्कम मिळाली, एवढेच त्यात म्हटले आहे. खाली जांभळट रंगाचे एक पेनीचे तिकीट चिकटवलेले असून त्यावर व्हिक्टोरिया राणीचे मस्तक आहे आणि सही तिकिटावरून आडवी गेली आहे. वर्ष जिथे लिहिले होते तिथला कागद घडीवर फाटला आहे, पण तिकिटाने ते काम केले आहे. दोन पौंड किंवा त्याहून अधिक रकमेच्या पावतीवर एक पेनीचे तिकीट लावण्याचा नियम १८५३ पासून होता, आणि टपाल व महसूल या दोन्हींसाठी चालणारे हे जांभळे तिकीट १८८१ साली निघाले व व्हिक्टोरियाच्या राजवटीअखेरपर्यंत चालले. म्हणजे १८८१ ते १९०१ या वीस वर्षांत केव्हातरी आपले घराणे दर सहामाहीला भाडे भरत होते. दोनशे वर्षांच्या मालकीची गोष्ट या एका चिठोऱ्यापाशी अडखळते.

इथे एक सावधगिरी हवी. एखादे कुटुंब घर आणि भोवतालचे वीस एकर स्वतःचे बाळगून शेजारच्या इस्टेटीची कुरणे भाड्याने घेत असे, हेही सर्रास घडे. त्यामुळे भाड्याची पावती सापडली म्हणून मालकी नव्हतीच, असे ठरवता येत नाही. पावतीवर शेताचे नाव आहे का, आणि सही करणारा कोणत्या इस्टेटीचा कारभारी होता, हे इतर दोन पावत्यांवर पाहावे. कारभाऱ्याचे नाव कळले की इस्टेट कळते, आणि इस्टेट कळली की भाड्याच्या वह्या कुठे असतील हे कळते. मी उल्लेखिलेल्या आपल्या काउंटीतल्या तिन्ही इस्टेटींची दप्तरे ॲबरिस्टविथच्या वेल्स राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्या वह्यांत शेतांची नावे ओळीने लिहिलेली असतात आणि कूळ बदलले की आधीच्या नावावर रेघ मारून नवे नाव लिहिलेले असते. आपण ज्याला फेरफार म्हणता, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू वेल्समध्ये हीच आहे.

मृत्युपत्राबद्दल. १८६७ च्या नकलेत 'माझी सर्व गुरेढोरे, उभे पीक आणि शेतीची अवजारे' पत्नीला, ती विधवा राहील तोवर, आणि तिच्यानंतर धाकट्या मुलाला दिली आहेत. मालमत्ता २०० पौंडांच्या आत असल्याचे प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाने मान्य केल्याच्या, टिपणीत आहे. या आकड्यावरून कुटुंब गरीब होते किंवा जमीन नव्हती असा निष्कर्ष काढू नका. १ जानेवारी १८९८ पूर्वी मरण पावलेल्या माणसाच्या प्रोबेटच्या आकड्यात फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, जमीन धरलीच जात नसे. त्यात रोकड, जनावरे, घरसामान आणि भाडेपट्ट्याने मिळालेला हक्क एवढेच मोजले जाई. त्यामुळे चारशे एकरांचा मालक ८० पौंडांचा धनी म्हणून नोंदला गेलेला मी पाहिला आहे. महत्त्वाचे आहेत ते मजकुरातले शब्द. 'फ्रीहोल्ड', 'माझे घर व जमिनी', 'माझे वारस कायमचे' असे शब्द असतील तर मालकीचा वास येतो. आपल्या मृत्युपत्राच्या या पहिल्या पानावर जमिनीचा उल्लेखच नाही, फक्त जमिनीवर चालणाऱ्या आणि उगवणाऱ्या वस्तूंचा आहे. कुळाचे मृत्युपत्र असेच असते. धाकट्याला जनावरे व अवजारे दिली याचा व्यवहारातला अर्थ असा की वहिवाट त्याने पुढे चालवावी, कारण ज्याच्याकडे गुरे आणि नांगर असेल त्यालाच इस्टेट नवे कूळ म्हणून स्वीकारी.

याच ओघात जुन्या मृत्युपत्रांतील एका कलमाचा उल्लेख करतो, कारण त्यावरून घराघरांत भांडणे झालेली मला माहीत आहेत. 'माझ्या थोरल्या मुलास एक शिलिंग' असे वाक्य वाचून लोक समजतात की बापाने थोरल्याला घराबाहेर काढले. बहुतेक वेळा तसे नसते. एक तर लग्नाच्या वेळीच करारपत्र करून थोरल्याला जमीन दिलेली असते आणि शिलिंग एवढ्यासाठीच असते, की त्याचा उल्लेख विसरून राहिला असे कोणी म्हणू नये. किंवा जमिनीबद्दल बापाने काही लिहिलेलेच नसते, कारण न लिहिलेली जमीन १९२५ पर्यंतच्या कायद्याने आपोआप थोरल्या मुलाकडे जात असे. हा नियम १ जानेवारी १९२६ पासून रद्द झाला. त्यापूर्वीच्या कोणत्याही मृत्यूचा विचार करताना जमीन आणि जंगम वस्तू यांचे दोन वेगळे रस्ते होते, हे सतत मनात ठेवावे लागते. मुलगे नसले तर मुलींना समान वाटा मिळे, आणि मग वाटणीपत्रे, जावयांची नावे आणि विकलेले हिस्से यांचा गुंता सुरू होतो.

खूप मागे गेल्यास नियम आणखी वेगळा होता. वेल्सच्या मूळ कायद्यात 'कव्रान' नावाची पद्धत होती, जिच्यात बापाची जमीन सर्व मुलग्यांत सारखी वाटली जाई. महाराष्ट्रातील माणसाला ती सहज समजेल. १५४०च्या दशकात, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या कायद्यांनी, ती पद्धत संपवली आणि थोरल्याचा हक्क आणला. शेतांच्या नावांमागे येणारे 'इखाव' म्हणजे वरचे, 'इसाव' म्हणजे खालचे आणि 'गानोल' म्हणजे मधले, हे शब्द कधीकधी जुन्या वाटणीची खूण असतात. आपल्या शेताच्या नावाला 'इसाव' जोडलेले आहे. मग जवळच 'इखाव' असण्याची शक्यता मोठी, आणि तसे असेल तर दोन्हींचे कागद एकत्र पाहावे लागतील. मात्र केवळ नावावरून वाटणीचा काळ ठरवू नये. अठराव्या शतकात इस्टेटींनीही भाड्याच्या सोयीसाठी शेते तोडली आणि जोडली.

आता पद्धतीबद्दल. माझी ठाम समजूत अशी आहे, आणि ती चुका करून झाली आहे, की वेल्समध्ये आडनावाचा माग न काढता शेताचा माग काढावा. इथे आडनावे थोडी आणि माणसे फार. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स, थॉमस यांतच अर्धे गाव संपते. त्यातही केरेडिगिऑनसारख्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आडनाव स्थिर नव्हते. आपल्या नावात मधे वडिलांचे नाव येते, तसे तिथे ते शेवटी येई आणि दर पिढीला बदले: इव्हान जोन्सचा मुलगा डेव्हिड इव्हान्स, आणि त्याचा मुलगा जॉन डेव्हिस. तिघेही एकाच घराण्याचे, पण यादीत पाहिले तर परके. शिवाय लग्नानंतरही बाईचे माहेरचे नाव टिकत असल्याने विधवेचे मृत्युपत्र नवऱ्याच्या आडनावाखाली सापडत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका डेव्हिड जोन्सचा तीन महिने पाठपुरावा केला, त्याचे बापजादे मांडले, आणि शेवटी लक्षात आले की त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागात, त्याच वयाचा दुसरा डेव्हिड जोन्स होता आणि आमचा तोच. दोघांना वेगळे करणारी गोष्ट एकच होती, शेताचे नाव. ज्या कुटुंबासाठी ते काम चालले होते त्यांना मला तसे स्पष्ट सांगावे लागले, आणि तेव्हापासून कोणत्याही नोंदीत शेताचे नाव जुळल्याशिवाय मी माणूस जोडत नाही.

सुदैवाने वेल्श नोंदींत शेताचे नाव माणसाला चिकटून येते. जनगणनेत, चॅपेलच्या बाप्तिस्मा-वह्यांत, वर्तमानपत्रांत आणि थडग्याच्या दगडावरही ते असते. आपल्या डब्यातील थडग्यांच्या छायाचित्रांत 'एर कोव आम', म्हणजे 'स्मरणार्थ', या शब्दांनंतर माणसाचे नाव आणि लगेच शेताचे नाव कोरलेले दिसेल. ते अक्षरशः उतरवून घ्या आणि वर्षांसह एका कागदावर मांडा. बायबलातल्या नोंदी कोणत्या शाईने आणि किती हस्ताक्षरांत आहेत, तेही पाहा. एकाच हाताने, एकाच शाईत १८२४ ते १८५० च्या नोंदी असतील, तर त्या आठवणीने मागाहून लिहिल्या आहेत आणि त्यांतली तारीख चूक असू शकते. बायबल कोणत्या वर्षी छापले हे मुखपृष्ठामागील पानावर असते. छपाईच्या आधीच्या नोंदी उघडच नंतर लिहिलेल्या असतात.

शेत हाती धरले की सर्वांत मोलाचे दप्तर म्हणजे टाइदचे नकाशे. टाइद म्हणजे चर्चला द्यावा लागणारा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी तो पैशात ठरवायचा होता, म्हणून पॅरिशवार नकाशे व तक्ते तयार झाले, त्यांतले बहुतेक पुढच्या पंधरा वर्षांत. तक्त्यात जमीनमालक, वहिवाटदार, शेताचे नाव, प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, तुकड्याचे नाव, ते नांगरटीचे की कुरणाचे, आणि एकर, रूड व पर्च (एकराचे लहान भाग) यांत क्षेत्र, अशा रकान्यांची रांग असते. मालक आणि वहिवाटदार हे शेजारशेजारचे दोन रकाने म्हणजेच आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. दोन्हींत एकच नाव असेल तर त्या दिवशी शेत आपल्या घराण्याचे होते; मालकाच्या रकान्यात एखादा सरदार असेल तर नव्हते. राष्ट्रीय ग्रंथालयाने वेल्सचे हे नकाशे व तक्ते संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, आणि शेताच्या नावाने शोध घेता येतो. स्पेलिंगचे मात्र बंधन मानू नका. नकाशा करणाऱ्यांना वेल्श येत असेच असे नाही, त्यामुळे एकच नाव चार प्रकारे लिहिलेले सापडते.

टाइदच्या मागे जायचे तर १७८० ते १८३२ च्या जमीन-कराच्या याद्या आहेत, ज्यांतही मालक आणि वहिवाटदार वेगळे लिहिलेले असतात. त्याही मागे १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे आहेत. तेव्हा प्रोबेट चर्चच्या न्यायालयांत होई. त्या वेल्श न्यायालयांची सुमारे १,९०,००० मृत्युपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाकडे असून ती घरबसल्या फुकट वाचता येतात. केरेडिगिऑन सेंट डेव्हिड्सच्या धर्मप्रांतात येतो, म्हणून शोध तिथे घ्यावा. मृत्युपत्रासोबत कधी घरातील वस्तूंची यादी जोडलेली असते, तीत बैल, लोखंडी भांडी, अंथरूण असे सारे किमतीसह असते, आणि तिच्यातच 'भाडेपट्ट्याचा उरलेला काळ' अशी नोंद सापडली तर कूळपणाचा पुरावा पक्का होतो.

भाडेपट्ट्यांतही एक प्रकार असा आहे, की तो समजल्याशिवाय घराण्यांच्या आठवणींचा उलगडा होत नाही. अठराव्या शतकात वेल्समध्ये 'तीन जिवांचा' पट्टा सर्वत्र चाले. पट्ट्यात तीन माणसांची नावे लिहीत, बहुधा शेतकरी, त्याची बायको आणि एक लहान मुलगा, आणि तिघांतला शेवटचा मरेपर्यंत शेत त्या घराकडे राही. मी हाताळलेल्या एका पट्ट्यात तिसरा जीव सात वर्षांचा मुलगा होता. तो ऐंशीच्या घरात जाऊन वारला, आणि तोवर ठरावीक, क्षुल्लक भाड्यावर शेत त्या कुटुंबाकडे राहिले. तो म्हातारा गेल्यावर इस्टेटीने शेत परत घेतले. त्याच्या नातवंडांनी पुढे सांगितलेली कथा मात्र अशी होती, की जमीनदाराने आपली जमीन लुबाडली. पट्ट्यातील मुलांची वये लिहिलेली असल्याने वंशावळीसाठी हे कागद सोन्यासारखे आहेत, आणि मालकीचा गैरसमज कसा जन्मतो हेही त्यांतूनच दिसते.

आता थोरल्या भावाचा प्रश्न. मला यात सर्वांत अधिक शक्यता दिसते ती अशी. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे वेल्समधील मोठ्या इस्टेटींनी शेते विकायला काढली. वारसा-कर, वाढलेला खर्च आणि जमिनीची चढी किंमत ही कारणे. विक्रीत कुळाला आपले शेत घेण्याची संधी मिळे, आणि कित्येकांनी कर्ज काढून ते घेतले. १९२१ मध्ये सरकारने धान्याच्या हमीभावाचा कायदा रद्द केला, भाव कोसळले, आणि १९१९-२० च्या चढ्या दराने घेतलेल्या शेतांचे हप्ते फेडता येईनात. काहीजण ती विकून मोकळे झाले. थोरल्या भावाने याच चक्रात शेत विकले असेल, तर ते त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कर्जावर घेतलेले शेत होते आणि त्यात भावंडांचा कायदेशीर वाटा नव्हता. किंवा त्याने ते कधी घेतलेच नसेल. दुसऱ्याने विकत घेतले आणि त्याला वहिवाट सोडावी लागली असेल. दोन्ही प्रसंगी घरात 'त्याने घालवले' एवढेच उरते. तिसरी शक्यता, की शेत सर्वांचे होते आणि त्याने फसवून विकले, ती मी नाकारत नाही. पण तिच्यासाठी कागद हवा, केवळ आठवण पुरत नाही.

हे तपासायला चार जागा आहेत. १९१० च्या फायनान्स ॲक्टखाली देशभर जमिनीचे मूल्यांकन झाले, त्याच्या वह्या लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असून त्यांत मालक, वहिवाटदार आणि भाडे आहे. इस्टेट विक्रीच्या छापील पुस्तिका राष्ट्रीय ग्रंथालयात व काउंटीच्या अभिलेखागारात मिळतात. त्यांत प्रत्येक शेत एका 'लॉट' क्रमांकाने, कुळाचे नाव, क्षेत्र आणि भाडे यांसह असते, आणि पूर्वीच्या एखाद्या लिलावकर्त्याने कडेला पेन्सिलीने विक्रीची किंमत लिहिलेली असली तर तो भाग्ययोगच. १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि जाहीर विक्रीच्या जाहिराती त्यांत ओळीने येतात. चौथी जागा १९४१ ते १९४३ चे राष्ट्रीय शेत सर्वेक्षण, तेही क्यूला. पाच एकर आणि त्याहून मोठ्या प्रत्येक शेताचा त्यात तक्ता असून शेतकरी मालक की कूळ, हे स्पष्ट लिहिलेले असते. यांच्या जोडीला थोरल्या भावाचे स्वतःचे मृत्युपत्र मागवा. १८५८ पासूनची प्रोबेटची सूची सरकारी संकेतस्थळावर शोधता येते आणि शुल्क भरून नक्कल मिळते. १८९८ नंतरच्या आकड्यात जमीनही धरलेली असल्याने तो जमीनधारक म्हणून मेला की नाही, हे त्या एका कागदातच बरेचसे उघड होईल.

जुने मूळ दस्त मिळतील अशी आशा फार धरू नका. १९२५ च्या कायद्याने विकणाऱ्याने तीस वर्षांचाच पुरावा दाखवणे पुरे झाले, १९६९ च्या कायद्याने तो काळ पंधरा वर्षांवर आला, आणि मग सॉलिसिटरांच्या माळ्यावरील चामडी कागदांच्या जुड्या निरुपयोगी ठरून काही रद्दीत गेल्या, काही काउंटी अभिलेखागारांत. म्हणून ज्या सॉलिसिटर पेढीने पूर्वी काम केले तिचे दप्तर आता कुठे जमा आहे, हे ॲबरिस्टविथमधील केरेडिगिऑनच्या अभिलेखागारात विचारणे अधिक फलदायी होते.

आजच्या स्थितीसाठी लँड रजिस्ट्रीत शेताच्या जागेवरून शोध घ्या. विक्री झाली की नोंदणी सक्तीची, हा नियम १ डिसेंबर १९९० पासून संपूर्ण इंग्लंड-वेल्सला लागू आहे आणि वारसा किंवा बक्षीस म्हणून आलेल्या जमिनीला १ एप्रिल १९९८ पासून. त्यामुळे शेत त्यानंतर हस्तांतरित झाले असेल तर थोडक्या शुल्कात मालकाचे नाव आणि नकाशा मिळेल. एकाच कुटुंबाकडे दीर्घकाळ राहिलेली जमीन अजून नोंदलेली नसते, तसे असेल तर नोंद नाही एवढेच उत्तर येईल.

हक्काबद्दल मी सरळ सांगतो. शंभर वर्षांपूर्वीच्या विक्रीवर आज वारस म्हणून जमीन परत मिळवण्याचा मार्ग मला दिसत नाही. नोंदणी नसलेल्या जमिनीवरचा दावा सर्वसाधारणपणे बारा वर्षांत करावा लागतो. 'हे शेत पुढे तुझेच आहे' अशा वचनावर विसंबून आयुष्य घालवलेल्या माणसाला इथली न्यायालये आधार देतात, आणि कार्मार्थनशरच्या एका डेअरी फार्मच्या खटल्यात आई-वडिलांकडे राबलेल्या मुलीला २०१६ साली अपील न्यायालयाने पाच लाख पौंड दिलेही. परंतु तो हक्क वचन मिळालेल्या माणसाचा असतो, तीन पिढ्यांनंतरच्या नातवंडांचा नव्हे. आपल्याकडे याहून वेगळा काही कागद निघाला, विशेषतः न्यासाचा किंवा न फिटलेल्या गहाणाचा, तर मात्र माझ्यासारख्या अभ्यासकाचे न ऐकता शेतजमिनीचे काम करणाऱ्या सॉलिसिटरचा सल्ला घ्यावा.

क्रम असा ठेवा. आधी उरलेल्या दोन पावत्या वाचून इस्टेट ओळखा, मग टाइदच्या तक्त्यातले दोन रकाने पाहा, आणि त्यानंतर थोरल्या भावाचे मृत्युपत्र मागवा. या तीन कागदांनी बरेच काही ठरेल आणि पुढे कुठे पैसे खर्च करावे हेही कळेल. त्याआधी एक काम मात्र याच आठवड्यात करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सासूबाईंना शेताच्या एकेका तुकड्याचे नाव विचारा: विहिरीजवळचे, घरामागचे, ओढ्याकाठचे, जिथे वासरे सोडत ते. त्या सांगतील त्यांतली बरीच नावे 'काए' या शब्दाने सुरू होण्याचा संभव आहे, कारण वेल्शमध्ये त्याचा अर्थ शेताचा तुकडा असा आहे. त्यांचा उच्चार जसा येईल तसा रेकॉर्ड करून ठेवा. टाइदच्या तक्त्यात त्याच नावांची रांग सापडली, तर एकसारख्या नावाच्या पाच शेतांतून आपले शेत नेमके कोणते, याविषयी शंका उरणार नाही.